फराळाबरोबर चार ओळी

नवरात्र संपून कोजागरीचे दूध आटले, की घरोघरी दिवाळीच्या फराळाचे बेत सुरू होतात. भाजणी कोणत्या गिरणीतून दळून आणायची, यंदा अनारशांच्या भानगडीत पडायचे की नाही, मुंबईच्या वन्संचा डबा कुणाबरोबर पाठवायचा, अशी बोलणी रंगू लागतात. या बेतांत आता आणखी एका डब्याची भर पडली आहे. हा डबा असतो सीमेवरच्या जवानांसाठी. तरुण मंडळे, महिला मंडळे, शाळा लाडू-चिवडा गोळा करतात, मुले भेटकार्डे रंगवतात, आणि खोकी बांधून रवाना होतात. श्रावणात राख्यांची पाकिटेही अशीच जातात.

चाल चांगली आहे आणि तिचे कौतुकही पुष्कळ होते. पण खोके रवाना करून आपण घरी परतलो, की एक साधा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. तो डबा ज्याच्या हाती पडतो, त्याचे पुढे काय होते? लाडू गोड लागला, चिवडा कुरकुरीत होता, एवढेच का? की दूरच्या, अनोळखी माणसाने पाठवलेल्या वस्तूने आणि कागदाच्या एका चिटोऱ्याने त्याच्या मनावर काही खरा परिणाम होतो? आणि होत असेल, तर तो लाडवाने होतो की चिटोऱ्याने?

प्रश्न वाटतो तितका फावल्या वेळचा नाही. जे आपल्यासाठी थंडीत, पाण्यात, आगीत उभे राहतात, त्यांना धीर देण्याचा हा एकच मार्ग आपल्यासारख्या घरबशा माणसांच्या हाती आहे. तो नीट वापरायचा, की नुसते समाधान करून घ्यायचे, हे ठरवायला हवे.

कोल्हापूरकरांना तर या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणारच नाही. इथे जवान हा केवळ वर्तमानपत्रातला फोटो नसतो. करवीर तालुक्यातले गिरगाव आणि शिरोळ तालुक्यातली टाकळी ही गावे आपल्या नावाआधी ‘सैनिक’ हा शब्द मानाने लावतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, म्हणजे दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे. गारगोटीकडून कळंब्यामार्गे कोल्हापूरला येणाऱ्या एस.टी.त काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर घातलेला, रजा संपवून निघालेला तरुण दिसणे ही काही अपूर्वाई नाही. त्याच्या हातातल्या पिशवीत आईने दिलेला डबा असतो. तो डबा बराकीत उघडला, की एकट्याचा राहत नाही. मराठी लाडू पंजाबी आणि मल्याळी हातांत जातात, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या आईचा डबा उघडतो. तेव्हा फराळ पाठवण्याची कल्पना मंडळांनी शोधून काढलेली नाही. ती फौजीच्या आईचीच आहे. आपण फक्त तिचा हात लांब केला आहे.

पत्त्यात गाव नाही

हा हात इतका लांब कसा पोचतो, ते आधी पाहू. जवानाला पत्र लिहिणाऱ्याला पहिली गंमत वाटते ती पत्त्याची. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि शेवटी ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘द्वारा ९९ ए.पी.ओ.’. गाव नाही, तालुका नाही, राज्यही नाही. पलटण कुठे आहे हे टपालातून कुणाला कळू नये, म्हणून ही योजना. स्थूलमानाने पश्चिमेकडच्या पलटणींना ५६ आणि पूर्वेकडच्यांना ९९. आपले पत्र लष्कराच्या मुख्य टपाल कार्यालयात जाते, तिथे ती पलटण आज कुठे आहे हे पाहून त्याची वाट ठरते, आणि मग ट्रक, खेचर, हेलिकॉप्टर, जे मिळेल त्याने ते पुढे सरकते. १९८४ सालापासून आपले जवान सियाचिनच्या हिमनदीवर पाय रोवून आहेत. तिथल्या चौक्यांवर शिध्याबरोबर टपालही हेलिकॉप्टरने जाते.

या टपालाचा इतिहास मोठा आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी संबंधही आहे. १८५६ साली मुंबईहून इराणच्या मोहिमेवर फौज निघाली, तेव्हा बुशहर येथे हिंदी फौजेचे पहिले फील्ड पोस्ट ऑफिस उघडले. १ मार्च १९७२ रोजी लष्करी टपालाचे स्वतंत्र दल झाले, आणि त्याचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. एवढे मोठे यंत्र सरकारने दीडशेहून अधिक वर्षे का चालवले असेल? दारूगोळा आणि शिधा यांच्या जोडीला पत्रही लागते, हे सेनापतींना फार पूर्वी उमगले होते, हेच त्याचे उत्तर.

जुने डबे, जुनी पत्रे

डब्यांचाही इतिहास आहे. १९१४ सालच्या नाताळात इंग्लंडची राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी उभारून लढणाऱ्या सैनिकांना पितळेची छोटी डबी भेट देण्यात आली. गोऱ्या शिपायाला तीत तंबाखू आणि सिगारेटी मिळत. त्या वेळी फ्रान्सच्या चिखलात हिंदी फौजही होती. तिच्यासाठी डबीतला ऐवज बदलला. शीख शिपायांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. इतर हिंदी शिपायांपैकी बहुतेकांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. राज्यकर्त्यांचे हेतू काय होते ते असो. पण भेट स्वीकारणारा कोण आहे, त्याला काय चालते आणि काय चालत नाही, याचा कुणीतरी विचार केला होता, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धातले उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. जून १९४२मध्ये तोब्रुक रोमेलच्या हाती पडले, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे होती. तोब्रुकमधले हजारो सैनिक युद्धकैदी झाले, त्यांत हे मराठे जवानही होते. युरोपातल्या छावण्यांत अडकलेल्या हिंदी कैद्यांसाठी लंडनच्या इंडिया हाउसमधून ‘इंडियन कम्फर्ट्स फंड’ नावाचा निधी चाले. इंग्रज आणि हिंदी स्त्रिया मिळून तिथे पार्सले बांधीत, आणि त्यांत डाळ, मसाला असे आपल्या जिभेचे जिन्नस असत. तारेच्या कुंपणाआड, परमुलखात डाळीला फोडणी पडली असेल, तेव्हा त्या घमघमाटाने काय केले असेल, याची कल्पना आपल्यापैकी कुणालाही करता येईल.

इंग्रजीत अशा पार्सलाला ‘केअर पॅकेज’ म्हणतात. या शब्दाचा प्रवास उलटा आहे. ‘केअर’ ही अमेरिकेत १९४५ साली निघालेली संस्था. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातल्या कुटुंबांना ती शिधा पाठवी. मे १९४६मध्ये तिची पहिली पार्सले फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात उतरली. ही सुरुवातीची पार्सले म्हणजे लष्कराचा उरलेला शिधाच होता. म्हणजे आधी सैनिकांचे अन्न नागरिकांच्या घरी गेले, आणि पुढे तोच शब्द नागरिकांनी सैनिकांना पाठवलेल्या खाऊला लागला.

आणि १९६२ साल कोण विसरेल? २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. हिमालयात लढणाऱ्या आपल्या जवानांना पुरेसे गरम कपडे नाहीत, ही बातमी घराघरांत पोचली आणि देशभरच्या स्त्रियांनी विणायच्या सुया हातात घेतल्या. संरक्षण निधीसाठी कुणी अंगठी काढून दिली, कुणी बांगड्या. त्या विणकामात खरी माया होती. पण ती आठवण आणखीही एक गोष्ट सांगते. उबदार कपडा ही जवानाला द्यायची भेट नव्हे, तो त्याचा हक्क आहे. जे सरकारने वेळेवर द्यायचे, ते प्रजेने घाईघाईने विणावे लागू नये. आभार हे कर्तव्यावर वाहिलेले फूल आहे. कर्तव्याच्या जागी ते ठेवता येत नाही.

डबे पुष्कळ झाले, आता पत्रे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरचे अधिकारी वाचीत आणि त्यांतले उतारे भाषांतर करून ठेवीत. ते उतारे लंडनला जपून ठेवलेले आहेत. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नसे. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे आणि आलेले दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. या पत्रांत युद्धाची वर्णने आहेतच. पण त्यांच्या जोडीला काय आहे? पाऊस झाला का, पीक कसे आहे, गुरे कशी आहेत, लग्न ठरले का, भाऊबंदकीचा दावा कुठवर आला. बाहेर तोफा गडगडत असताना माणसाला घरच्या गुराढोरांची खबर हवी असते. हे ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग आहे.

चार ओळींचा गुण

पत्राने धीर येतो, हे सगळेच म्हणतात. त्याची कुणी पारख केली आहे काय? केली आहे, आणि ती कथा ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, ते सैन्यात होते. तिथे त्यांना एका ओळखीच्या तरुणीची पत्रे येत. त्या पत्रांत कसली अपेक्षा नसे, मागणे नसे. कुणीतरी आपली आठवण ठेवली आहे, एवढेच त्यांतून कळे. तेवढ्याने मिळालेला आधार मोटो विसरले नाहीत. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न आला. घोर निराशेमुळे किंवा जीव देण्याच्या विचाराने इस्पितळात आलेली माणसे घरी परततात आणि पुढचे उपचार नाकारतात. त्यांच्यापर्यंत पोचायचे कसे?

मोटो यांनी अशा ८४३ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवले नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला अधूनमधून एक लहानसे पत्र जाऊ लागले. आधी दर महिन्याला, मग अधिक अंतराने, अशी पाच वर्षांत चोवीस पत्रे. पत्रात उपदेश नव्हता, औषधाची आठवण नव्हती, ‘भेटायला या’ असा आग्रह नव्हता. तुमची आठवण आहे, तुमचे बरे चालले असेल अशी आशा आहे, वाटल्यास दोन ओळी लिहा, एवढाच मजकूर. २००१ साली त्यांनी आणि अ‍ॅलन बोस्ट्रम यांनी याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पत्रे मिळालेल्या गटात जीव देणाऱ्यांचे प्रमाण कमी होते, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका स्पष्ट गुण आला असे नाही. तरीही युक्ती इतकी स्वस्त आणि निरुपद्रवी, की अमेरिकेच्या निवृत्त सैनिकांच्या खात्याने ती उचलली. संकटात साहाय्य मागणाऱ्या माजी सैनिकांना आता अशी पत्रे जातात. सैनिकाला आलेल्या पत्रातून सुचलेला उपाय फिरून सैनिकांच्याच दारी आला!

दुसरा प्रयोग आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांविषयी आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन अभ्यासकांनी २०१८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांना आभाराचे पत्र लिहायला सांगितले. ते वाचून समोरच्याला काय वाटेल, असे लिहिणाऱ्यांना विचारले. आणि ज्यांना पत्र गेले त्यांना खरोखर काय वाटले, तेही विचारले. दोहोंत मोठी तफावत निघाली. लिहिणाऱ्यांना वाटत होते, की वाचणारा थोडा संकोचेल, आपले शब्द तोकडे पडतील. वाचणाऱ्यांना संकोच फारसा झाला नव्हता, आणि आनंद मात्र लिहिणाऱ्यांच्या अपेक्षेहून अधिक झाला होता. लिहिणारा शब्दांच्या सफाईची काळजी करतो. वाचणाऱ्याला त्यातली ऊब पोचते.

आपल्याकडे तर ही अडचण दुप्पट आहे. मराठी माणसाला आभार मानणे जडच जाते. घरच्यांचे आभार मानले तर परकेपणा होतो असे आपण समजतो, आणि बाहेरच्यांचे मानायचे तर व्यासपीठ आणि हार-तुरे लागतात. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला साधेपणाने ‘तुम्ही केलेत ते मला पोचले’ असे सांगणे, आपल्या अंगवळणी पडलेली नाही. पत्र ही नेमकी त्या मधल्या जागेची सोय आहे.

कुणी म्हणेल, आता हातोहाती मोबाइल झाले. जवान रोज रात्री घरी बोलतो. पत्राचा काय उपयोग? उपयोग आहे. मोबाइल घरची काळजीही त्याच क्षणी पोचवतो: आईचे गुडघे, बँकेचा हप्ता, मुलाची परीक्षा. ते बोलणे संपले की संपले. पत्र खिशात राहते, दुसऱ्याला दाखवता येते, आणि पुन्हा वाचायला तिथे सिग्नल लागत नाही.

फळ्यावरचे पत्र

मग काय लिहावे? मी मराठी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अंगणातला आहे.

शाळांतून जवानांना जाणारी पुष्कळ पत्रे फळ्यावरून उतरलेली असतात. ‘तुम्ही सीमेवर जागता म्हणून आम्ही सुखाने झोपतो’ हे वाक्य चाळीस मुले चाळीस कागदांवर लिहितात. वाक्य खरे आहे आणि भावनाही खोटी नाही. पण चाळीस पाकिटांतून तेच वाक्य निघाले, की वाचणाऱ्याला कळते, की हे मला कुणी लिहिलेले नाही. ‘जवान’ नावाच्या एका पुतळ्याला लिहिले आहे. ‘शूरवीर’, ‘रणधुरंधर’, ‘अमर’ या शब्दांचेही तसेच. शौर्याची वाहवा जरूर करावी. पण ज्याला आपण सतत वीर म्हणतो, त्याला आपण दमण्याची, घाबरण्याची, घराची आठवण काढण्याची मुभा ठेवत नाही. तो बिचारा आपल्या पत्राला शोभेसा चेहरा करून बसतो.

समजा, कळंब्याच्या आठवीतल्या एखाद्या मुलीने फळ्याकडे न बघता लिहिले:

‘दादा, मी कळंब्याला राहते. यंदा आमचा तलाव भरला आणि सांडव्यावरून पाणी पडू लागले. ते बघायला एवढी माणसे आली, की आजी म्हणाली, तुम्ही पाणी बघायला जाता की गर्दी? डब्यातल्या शंकरपाळ्या मी कापल्या आहेत. वेड्यावाकड्या आहेत त्या माझ्या भावाच्या. चिवडा आईचा आहे, तो तिखट आहे, जपून खा. आमच्या वर्गात दोन मुलींचे बाबा फौजेत आहेत. दिवाळीला ते घरी नसले की त्या फटाके लवकर संपवतात. म्हणून मला वाटले, तुम्हाला लिहावे. तुम्हाला सवड नसेल तर उत्तर लिहू नका. आम्हाला राग येणार नाही.’

या पत्रात ‘शौर्य’ हा शब्द नाही, आणि तरी आभार आहेत. शिवाय त्यात बातमी आहे. तलाव भरल्याची बातमी म्हणजे पाऊस झाल्याची बातमी, आणि ती शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधला शिपाईही विचारीत होता. हे पत्र एका माणसाने एका माणसाला लिहिले आहे, आणि ते काही मागत नाही. मोटो डॉक्टरांच्या चोवीस पत्रांतही हेच दोन गुण होते.

पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना एवढेच सांगावे: आपल्या गावातली एक गोष्ट लिही, डब्यातल्या एका पदार्थाची हकिगत लिही, आणि तुला त्यांना का लिहावेसे वाटले ते लिही. चौथी ओळ आपोआप येते. शुद्धलेखन तपासू नये, हे एका मराठीच्या मास्तरने सांगावे याचे काहींना नवल वाटेल. पण या एका पत्रापुरते खरोखरच तपासू नये. तुम्ही कुठे आहात, किती जण आहात, असे प्रश्न मात्र विचारायचे नाहीत. त्यांची उत्तरे जवानाला देता येत नाहीत. मुलांनी आपला घरचा पत्ता न लिहिता शाळेचा लिहावा.

पाणी ओसरल्यावर

जवान दूर असतो, म्हणून त्याला पत्र लिहायचे आपल्याला सुचते. जवळच्यांचे काय?

ऑगस्ट २०१९ कोल्हापूर विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांवर गेले. चिखली, आंबेवाडी पाण्यात; शिरोळ तालुक्यात गावेच्या गावे वेढलेली; पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद; आणि पाणी उपसण्याची केंद्रेच बुडाल्यामुळे, गावभर पाणी असून नळ कोरडे. अशा वेळी लष्कर आले, नौदल आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले. कोल्हापूरच्याच ‘व्हाइट आर्मी’चे स्वयंसेवक आणि पालिकेच्या अग्निशमन दलाचे जवान पाण्यात उतरले. त्या वर्षी राखीपौर्णिमा नेमकी १५ ऑगस्टला आली, आणि कोल्हापूर-सांगलीच्या बहिणींनी बोटींवरच्या जवानांच्या मनगटावर राख्या बांधल्या. सांगली भागात नावेतून बाहेर काढलेल्या एका बाईने जवानांच्या पायांना हात लावला. ते चित्रण देशभर पाहिले गेले.

ती कृतज्ञता शंभर नंबरी होती. तिला कुणी कागदावर उतरवण्याची गरज नव्हती. ती पाण्यात उभी राहून दिलेली होती. पण पाणी ओसरते, चिखल काढला जातो, पंचनामे होतात, आणि मग? बोटवाला दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या पुरात गेलेला असतो. त्याने ज्या म्हातारीला उचलून आणले, ती पुढे बरी झाली का. ज्या बाळाला टोपलीतून काढले, ते आता शाळेत जाते का. हे त्याला कधी कळत नाही. वाचवणाऱ्या माणसाच्या वाट्याला कथेचा मधलाच भाग येतो. जे वाचवता आले नाहीत ते त्याच्या लक्षात राहतात, आणि जे वाचले ते आपापल्या घरी निघून जातात. अशा माणसाला वर्षभराने आलेले ‘आम्ही सगळे बरे आहोत, घर पुन्हा उभे केले’ हे पत्र म्हणजे त्या कथेचा शेवट आहे, आणि तो सांगणारे आपल्याशिवाय कुणी नाही.

आगीच्या बंबावरच्या माणसांचे तर आपण आभारही क्वचितच मानतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र होता. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक त्या स्फोटात गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. तसाच २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जण पडले. हा दिवस पुष्कळदा दिवाळीच्या आसपासच येतो. आपण आकाशकंदील लावीत असतो, तेव्हा शहरातला पोलीस बंदोबस्तावर आणि बंबवाला फटाक्यांमुळे लागणाऱ्या आगींच्या तयारीत असतो. लक्ष्मीपूजन त्यांच्याही घरी असते. आणि पुरात वा वादळात विजेच्या खांबावर चढणारा वायरमन? दिवे येईपर्यंत आपण त्याची वाट पाहतो, आणि दिवे आले की त्याला विसरतो.

या मंडळींना डबा पाठवायला ए.पी.ओ.चा नंबर लागत नाही. चौकी आणि फायर स्टेशन आपल्या रोजच्या वाटेवर आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. लिहिणाऱ्याला पत्ता सापडतो.

डबा भरताना

आता थोडे गृहिणींच्या अधिकारातले. तेही विचारून लिहिले आहे. लांबच्या प्रवासाला बेसनाचे लाडू, शंकरपाळ्या, खारे शंकरपाळे, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या हे पदार्थ चालतात. ओल्या नारळाचे काहीही पाठवू नये. पदार्थ पुरता गार झाल्याशिवाय भरला, तर वाफ धरते आणि चार दिवसांत वास येतो. चिवड्यात खोबऱ्याचे काप घातले, तर ते आधी खवट होतात. ते वगळलेले बरे. चकल्या पोचेपर्यंत भाजणी होऊन जातात. पिशवीचे तोंड घट्ट बंद करून ती पिशवी डब्यात ठेवावी, डबा मोकळा राहू देऊ नये, आणि पदार्थ केल्याची तारीख बाहेर लिहावी. अत्तर, तेल, काडेपेटी टपालात चालत नाही.

ओळखीचा जवान असेल, तर त्याला विचारून पाठवावे. ओळखीचा नसेल, तर कुठल्याही पलटणीला परस्पर खाऊ पाठवू नये. सुरक्षेमुळे तो स्वीकारला जाईलच असे नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यासाठीच आहे; तिथे विचारावे. त्याच कार्यालयातून ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधीही गोळा होतो. १९४९ सालापासून हा दिवस पाळला जातो. युद्धात अपंग झालेले जवान, वीरपत्नी आणि माजी सैनिक यांच्या कामी हा पैसा येतो. लाडू पाठवणाऱ्याने या निधीत भर घातली, तर त्याचा लाडू अधिक गोड होईल. गावात एखादी वीरपत्नी किंवा वीरमाता असेल, तर पाडव्याला तिच्या घरी जाऊन यावे. दोन वर्षे सगळे गाव तिच्या दारात येते. अवघड असते ते तिसरे वर्ष.

आणि एक. छायाचित्र काढायला आपण खोक्याभोवती उभे राहतो, त्या वेळेचा निम्मा वेळ लिहिण्यासाठी राखून ठेवावा. यंदा लाडू वळून झाले, हात धुतले, की स्वयंपाकघरातल्याच ओट्याशी मुलांना दोन-दोन कोरे कागद द्या. एक दूरच्या जवानाला, आणि एक आपल्याच गावातल्या बंबावरच्या, चौकीतल्या किंवा खांबावरच्या माणसाला. काय लिहू, असे ती विचारतील. तलाव भरल्याचे लिही, म्हणावे.